पाच मिनिटांत काय पुसलं जातं?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सुदामा नगरात राहते, वय ६६. बावीस वर्षं विम्याची एजन्सी केली, आता थांबवली. घरात २०१४ साली जोडून घेतलेला कॉम्प्युटर आहे. २०२० मध्ये पुतण्याने त्यात एक नवी छोटी डिस्क बसवून विंडोज १० टाकून दिलं, जुनी पाचशे जीबीची डिस्क ‘डी’ म्हणून तशीच राहिली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा अकरावी कॉमर्सला गेली. दिवाळीच्या आवराआवरीत हा कॉम्प्युटर तिला देऊन टाकावा असं मनात आहे. गेल्या रविवारी पुतण्या आला, म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारून देतो, पाच मिनट का काम है.” आणि डी खरंच पाच मिनिटांत रिकामा केला. विंडोज पुढच्या रविवारी नवीन टाकतो म्हणाला. बेंगळुरूहून मुलगा फोनवर ओरडला की असं काही पुसलं जात नाही, पस्तीस वेळा पुसावं लागतं, नाहीतर सरळ हातोडीने फोड. ह्यांचं म्हणणं, आपल्या घरात कोण काय शोधायला येतंय. पण आता तेही गप्प आहेत, कारण गणेशोत्सवासाठी लिहिलेल्या त्यांच्या सात एकांकिका डी मध्येच होत्या. ग्राहकांचे आधार, पॅन, चेकचे स्कॅन, सगळं त्यातच. कोणाचं ऐकू? कॉम्प्युटरचा फोटो सोबत पाठवते आहे.

— एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, आधी तो कॉम्प्युटर बंद करा. हे उत्तर त्याच्यावरच वाचत असाल तर आत्ता, पुढचं फोनवर वाचा. कारण तुमच्या यजमानांच्या एकांकिका अजून तिथेच असण्याची शक्यता खूप आहे. दुर्दैवाने तुमच्या ग्राहकांचे आधारही.

तुमची एजन्सी चालू होती तेव्हाचं कपाट आठवा. प्रत्येक ग्राहकाची फाइल खणात आणि टेबलावर एक वही, कोणाची फाइल कुठल्या खणात ते लिहिलेली. पुतण्याने जो केला तो ‘क्विक फॉरमॅट’. त्यात जुनी वही उचलून तिच्या जागी कोरी वही ठेवली जाते. कपाटाला कोणी हातही लावलेला नसतो. विंडोज कोरी वही बघतं आणि सांगतं, डी रिकामा आहे, पाचशे जीबी मोकळे. ज्याला वहीशी देणंघेणं नाही, जो सरळ खण उघडून बघतो, त्याला सगळं दिसतं. तसं बघणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि ते चालवायला हुशारी लागत नाही, थोडा वेळ लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. जेल रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. लोक रडकुंडीला येऊन डिस्क टेबलावर ठेवायचे. मुलीच्या लग्नाचे फोटो गेले, भिया, काही करा. आणि मी रात्रभर मशीन चालवून सकाळी फोटो काढून द्यायचो. तेव्हा ते देवासारखं बघायचे माझ्याकडे. पण त्याच दुकानात मी एक लाज वाटावी असं कामही केलेलं आहे. एका गिऱ्हाइकाची डिस्क बिघडली होती, मी त्याला कपाटातली एक वापरलेली ऐंशी जीबीची बसवून दिली, क्विक फॉरमॅट मारून. महिन्याभराने त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा एक सीडी घेऊन आला. त्याचेच प्रोजेक्ट चुकून उडाले होते, ते शोधायला त्याने प्रोग्रॅम लावला, तर त्याच्या प्रोजेक्टआधी दुसऱ्याच कुणाच्या घटस्फोटाच्या अर्जाचे कागद वर आले. पोरगं सज्जन. सीडी माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणालं, “काका, ज्यांचं आहे त्यांना द्या.” ज्यांचं होतं त्यांना मी ओळखत होतो. दर गणपतीत आरतीला भेट व्हायची. ती सीडी मी मोडून टाकली आणि त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या वर्षी आरतीला मागच्या रांगेत उभा राहिलो.

म्हणून “आपल्या घरात कोण शोधायला येतंय” हे मला पटत नाही. शोधायला कोणी येत नाही. समोर येतं, तेही भलतंच काही शोधताना. अमेरिकेत एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोघांनी १५८ जुन्या डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या होत्या. १२९ चालू निघाल्या, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. हे त्यांनी २००३ मध्ये छापलं. बाकीच्यांच्या मालकांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, पाच मिनिटांचं काम आहे.

आता कामाला लागू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तुम्हाला त्याच डिस्कवरून आधी काही परत आणायचंय आणि मग सगळं कायमचं घालवायचंय. उलट झालं तर यजमान दिवाळीत फराळाला हात लावायचे नाहीत.

डी वर काही म्हणजे काही कॉपी करू नका. नवं जे लिहाल ते जुन्याच्या डोक्यावर बसतं. एक रिकामा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क आणा. ‘रेक्युव्हा’ नावाचा प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवरूनच चालवा. त्याला डी दाखवा आणि ‘डीप स्कॅन’ वर खूण करा, नाहीतर फॉरमॅट मारलेल्या डिस्कवर त्याला फारसं काही सापडत नाही. मग तासाभरासाठी दुसरं काम काढा. जे सापडेल ते बाहेरच्या डिस्कवरच साठवायचं, डी वर नाही. त्याने नाही जमलं तर ‘फोटोरेक’ आहे, नाव फोटोचं असलं तरी वर्डच्या फाइलीही काढतो. फक्त फाइलींची नावं जातात, आकडे येतात, मग एकेक उघडून एकांकिका ओळखाव्या लागतात. यजमानांना बसवा त्या कामाला.

एकांकिका मिळाल्या तरी एक फसगत बाकी आहे. त्या काळातलं मराठी टायपिंग बहुतेक जुन्या फॉन्टमध्ये असतं, श्रीलिपी किंवा आपल्याकडे हिंदीसाठी सर्रास चालणारा कृतिदेव. युनिकोड, म्हणजे आजच्या सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी चालणारी पद्धत, नव्हे. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की पात्रांच्या तोंडी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून हा कॉम्प्युटर हातात आहे, फॉन्ट त्यात आहेत, तोवरच प्रत्येक एकांकिका इथे उघडून पीडीएफ करून घ्या. पीडीएफ करताना फॉन्ट बहुतेक वेळा आतच बांधला जातो, पण फोनवर उघडून खात्री करा. फॉन्टच्या फाइलीही कॉपी करा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ म्हणून असतात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी मुलाकडे मेलने. कॉपी झाली असं मशीन म्हणालं म्हणून झाली असं धरू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, शेवटचं पान आहे का बघा.

रेक्युव्हा चालवताना तुम्हाला आणखी काय काय दिसतं तेही नीट बघा. पुतण्याला शेजारी बसवा. ग्राहकांचे चेक एकामागून एक वर येताना त्याने बघितले की पाच मिनिटांचा विषय संपला.

आणि ग्राहकांच्या कागदांबद्दल एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधारची जी पीडीएफ उतरवून मिळते तिला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. विम्याच्या अर्जावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतात. तुमच्या डिस्कवर ते दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेत. कुलूप आणि किल्ली एकाच खणात. शिवाय त्याच अर्जात कुणाला साखर आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय, वारस म्हणून बायकोऐवजी भावाचं नाव का लावलंय. लोकांनी हे तुम्हाला सांगितलं, कॉम्प्युटरला नाही. त्यामुळे मुलाचं टोक मला जास्त वाटत असलं तरी काळजी त्याचीच बरोबर आहे.

त्याच्या पस्तीस वेळांचं मूळ सांगतो. पीटर गटमन नावाच्या संशोधकाने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. त्या काळात निरनिराळ्या पद्धतीने डेटा लिहिणाऱ्या डिस्क होत्या, त्या सगळ्यांना पुरून उरेल अशी पस्तीस वेळा लिहायची यादी त्यात होती. लोकांनी ती मंत्रासारखी उचलली. पुढे गटमननेच लिहिलं की आजच्या डिस्कला या पस्तिशीची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही चकतीच्या डिस्कसाठी, म्हणजे तुमच्या डी सारख्या आत चकती फिरणाऱ्या डिस्कसाठी, एकदा पूर्ण वरून लिहिणं सहसा पुरेसं मानलं आहे. एकदा, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

तर डी साठी: एकांकिका परत मिळाल्या, उघडून पाहिल्या, मग ‘धिस पीसी’ मध्ये डी वर उजवी क्लिक, ‘फॉरमॅट’, आणि खाली ‘क्विक फॉरमॅट’ च्या चौकोनातली खूण काढून टाका. एवढाच फरक. विंडोज व्हिस्टापासून पुढे खूण काढलेला फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्य लिहीत जातो. कोरी वही ठेवून थांबत नाही, खणन् खण रिकामा करतो. पाचशे जीबीला दोन-तीन तास लागतील. हिरवी पट्टी अडकल्यासारखी वाटेल, अडकलेली नसते. ई नावाचा भाग असेल तर तोही असाच. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, डिस्कचं काही बिघडत नाही. झाल्यावर पुन्हा रेक्युव्हा डीप स्कॅन लावा. आता काहीही मिळता कामा नये. एकही चेक वर आला तर कुठेतरी खूण राहिली.

हा फॉरमॅट डिस्कची तब्येतही सांगतो. दहा वर्षांवरची डिस्क आहे. मध्येच टकटक आवाज आला, एकाच जागी तासन् तास थांबला, किंवा शेवटी बॅड सेक्टर निघाले, तर ती डिस्क मुलीला देऊ नका. बिघडलेल्या जागेवर डिस्क पुन्हा लिहीत नाही, म्हणजे तिथलं जुनं तसंच राहतं. शिवाय उद्या त्या मुलीच्या नोट्स घेऊन डिस्क मरेल. चार स्क्रू आणि दोन वायरी काढल्या की डिस्क बाहेर येते. मग मुलाची हातोडी. हातोडीपेक्षा ड्रिल बरं, चकत्यांमधून आरपार तीन-चार भोकं. नुसत्या हातोडीने बरेचदा वरचा पत्राच चेपतो. आणि लॅपटॉपच्या डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, त्यावर हातोडी मारणाऱ्याने आधी चष्मा लावावा. भोकं पाडलेली डिस्क अटालेवाल्याच्या पोत्यात टाकू नका. आपली कचरागाडी ई-कचऱ्याचा वेगळा डबा घेऊन दारात येते, त्यात द्या. एवढी वर्षं देशात पहिलं आलेलं शहर आहे, निदान त्या डब्याचा उपयोग तरी व्हावा.

आता सी. ही नवी छोटी डिस्क म्हणजे एसएसडी, तिचं शास्त्र वेगळं आहे. तिच्यात फिरणारी चकती नाही, चिपा आहेत, आणि प्रत्येक वेळी कुठल्या चिपेवर लिहायचं ते तिचा आतला कारभारीच ठरवतो, म्हणजे एकच जागा झिजू नये. तुम्ही एखाद्या फाइलवर वरून लिहायला गेलात तर तो नवं दुसरीकडेच लिहितो, जुनं बाजूला पडून राहतं. राखीव जागाही असते, ती विंडोजला दिसतच नाही. म्हणून पस्तीस वेळा पुसणं एसएसडीवर दुहेरी वाया: पुसलं जाईलच असं नाही आणि डिस्क मात्र झिजेल. दिलासा असा की फाइल पुसली की विंडोज त्या कारभाऱ्याला कळवतं, ही जागा आता मोकळी, आणि तो सवडीने ती साफ करतो. दुकानात एसएसडीवरून उडालेलं परत काढायला लोक यायचे तेव्हा मी बहुतेकदा हात जोडायचो.

पण सी वर काय आहे ते आधी बघा. एजंट माणसाचं डाउनलोड्स फोल्डर म्हणजे खजिनाच. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेलं ‘आधार’, मग ‘आधार १’, मग ‘आधार नवीन’. डेस्कटॉपही सी वरच असतो.

सी पुसण्याआधी खाती काढायची आहेत, आणि इथे एक सापळा आहे. क्रोममध्ये तुम्ही गूगल खात्याने आत असाल आणि साठवलेले पासवर्ड एकेक करून पुसायला लागलात, तर ते फोनवरूनही पुसले जातात, कारण दोन्हीकडे एकच साठा असतो. म्हणून पुसत बसू नका, आधी क्रोममधून त्या खात्यातून बाहेर पडा. फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर तुमची उपकरणं दिसतात, तिथून या कॉम्प्युटरला साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ मध्ये जाऊन त्याचंही नाव उडवा. ऑफिस किंवा टॅलीचं लायसन्स पुढे स्वतः वापरायचं असेल तर तेही आधी सोडवून घ्या.

मग सेटिंग्ज, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, ‘रिकव्हरी’, ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. इथे बहुतेक लोक घाईने पुढे जातात. थांबा. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा आणि ‘क्लीन डेटा’ चालू करा. ते नाही केलं तर रीसेट म्हणजे पुन्हा कोरी वहीच. त्याच पानावर सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली पुसायच्या का असंही विचारतं. डी तुम्ही आधीच धुतलाय, तरी हो म्हणायला हरकत नाही. इतरांसाठी सांगतो, ज्यांनी सगळा संसार डी मध्ये ठेवलाय त्यांचा घात याच प्रश्नावर होतो, कारण आपोआपचं उत्तर फक्त विंडोजचा ड्राइव्ह असं असतं. रीसेट चालू असताना मात्र वीज जाता कामा नये, अर्ध्यात विंडोज लटकतं. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर सकाळी लवकर लावा.

तुमच्या कामाला एवढं पुरे, कॉम्प्युटर ओळखीच्या घरात जातोय. हाच जर अनोळखी माणसाला विकायचा असता तर मी म्हटलं असतं की एसएसडीला ‘सिक्युअर इरेज’ द्या. ती आज्ञा थेट त्या कारभाऱ्याला जाते, राखीव जागेसकट सगळं साफ कर म्हणून. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये किंवा काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तो पर्याय असतो. ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे तिच्यावर ती सहसा चालत नाही, त्यामुळे सिल्व्हर मॉलमधल्या एखाद्या दुकानात न्यावं लागेल. नेलीत तर समोर खुर्ची टाकून बसा. “छोड़ जाओ आंटी, शाम को ले जाना” ला हो म्हणू नका. मी स्वतः दुकानदार होतो, म्हणून सांगतो.

विंडोजच्या परवान्याची काळजी नको, तो मदरबोर्डशी बांधलेला असतो, रीसेटनंतर आपोआप लागू होतो. नवं खातं मात्र तुम्ही उघडू नका. पडद्यावर नाव विचारलं की तिथेच बंद करून द्या, ते त्या मुलीने आपल्या हाताने टाकायचं. तिला एवढं सांगा की विंडोज १० ला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवलं, आणि २०१४ चं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. टॅली शिकायला, प्रोजेक्ट टाइप करायला उत्तम. आईचं बँकेचं काम त्यावर नको, ते फोनवर.

पुतण्याला रागावू नका. रविवारी बोलवा, पोहे-जलेबी करा, आणि खूण काढलेला फॉरमॅट त्यालाच लावायला सांगा. तो मित्रांचे कॉम्प्युटरही असेच पाच मिनिटांत करून देत असणार.

राहता राहिला तुम्ही पाठवलेला फोटो. मॉनिटरच्या उजव्या कडेला सेलोटेपने एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे. मी फोटो मोठा करून बघितला, वरच्या ओळीत मेलचा पत्ता आणि खालच्या ओळीत पासवर्ड, दोन्ही स्वच्छ वाचता येतात, अक्षर सुंदर आहे तुमचं. तो पासवर्ड आजच बदला आणि चिठ्ठी काढा, कीबोर्डच्या पाठीवरही एक असेल तर तीही. फोटो मी मेलमधून पुसला, मग मेलच्या कचरापेटीत जाऊन तिथूनही पुसला.